टकल्यावर विचारायचा प्रश्न

सँ-आरमेल
१७ जानेवारी १९७१

लुजेर,

फोनच करणार होते. पण आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांची लाइन एकच, आणि शेजारची बर्नादेत ती कानाला लावूनच भाजी चिरते. मागे डॉक्टरांना गुडघ्याचं सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत शेजारपाजाऱ्यांकडून मलमं यायला लागली. म्हणून पत्र.

गोष्ट फिलियासची आहे. गेल्या रविवारी प्रार्थना संपली, लोक पांगले, मी ऑर्गनचं झाकण लावत होते. बघते तर हा जिन्याशी उभा, टोपी हातात घेऊन पिळतोय.

"फ्लोरांज, तुम्हाला एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"इथं नको."

"मग घरी या. कॉफी टाकते."

"तिथंही नको." त्याने टोपी आणखी पिळली. "टकल्यावर विचारीन. डोंगराच्या पार माथ्यावर."

"अहो, बाहेर थंडी काय पडलीय! डोळ्यातलं पाणी गोठतंय."

"तिथं वारा असतो. कुणाला काही ऐकू जात नाही."

"मग मला तरी कसं ऐकू येणार?"

यावर त्याने खूप विचार केला. मग म्हणाला, "मी ओरडेन."

आता तूच सांग. हा माणूस बर्फजोडे मंडळाचा अध्यक्ष, दर हिवाळ्यात टकल्या चढतो, पायाला ती जाळीची सुपं बांधली की हरणासारखा पळतो. माझं सगळं आयुष्य ऑर्गनच्या बाकावर बसून गेलंय. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टकल्या मी रोज बघते, सोललेल्या अंड्यासारखा जंगलातून वर आलेला. पण चढले कधीच नाही. आपल्या वेळी मुलींनी अर्ध्या वाटेवरच्या झोपडीपर्यंत डबे पोचवायचे आणि परत फिरायचं, माथा मुलांचा.

नाहीच म्हणणार होते. पण दारात बर्नादेत उभी. म्हणते, "तू पहिल्या वळणापर्यंत जाशील गं. पुढे तुला घसरगाडीवर घालूनच आणावं लागेल." मी तिथल्या तिथे फिलियासला सांगितलं, येते.

पण त्याला विचारायचंय काय? मला वाटतं, मॅपलची झाडं. त्याची जमीन आपल्या मॅपलच्या रानाला लागून आहे. हल्ली तो कुंपणापाशी येऊन उभाच राहतो आणि इकडे बघत बसतो. परवा मी कपडे वाळत घालत होते, म्हणून नीट दिसलं. पापणीसुद्धा हलत नव्हती. आणि या बाजूला झाडांशिवाय आहे काय बघण्यासारखं?

लवकर लिही.

तुझी ताई,
फ्लोरांज

*

माँट्रियल
२४ जानेवारी

ताई,

झाडंच! शंकाच नको. नाताळात आलो होतो तेव्हा त्याने मला गोठ्यामागे गाठलं होतं. तुला बोललो नाही, उगीच सणाचा विचका नको म्हणून. आधी हवापाण्याचं बोलला, मग खाली मान घालून म्हणतो, "लुजेर, तुमच्या कुंपणाच्या आत जे आहे ना, त्याच्यावर माझा फार दिवसांपासून जीव आहे." मी त्याला असा झापला की विचारू नकोस. पुन्हा नाव काढलं नाही त्याने. आता तुला एकटीला गाठून, डोंगरावर दमवून, कबूल करवून घेण्याचा डाव आहे. बाबांनी लावलेली झाडं आहेत ती. अर्धी तुझी, अर्धी माझी. द्यायची नाहीत.

पण चढायचंच असेल तर चढ. टकल्या मला तळहातासारखा माहीत आहे, तेव्हा मी सांगतो तसं कर. सकाळी पोटभर उसळ खाऊन निघ, डुकराची चरबी घातलेली. ती दिवसभर पोटात भट्टीसारखी पेटत राहते. अंगात चार स्वेटर घाल, चालताना एकही काढायचा नाही. पाण्याची बाटली पिशवीच्या बाहेरच्या खिशात ठेव, म्हणजे हाताशी राहते. आणि उतरताना मागे रेलून, टाचेवर जोर देऊन पळत सुटायचं. आम्ही तसंच उतरायचो.

भाऊ,
लुजेर

वन्सं, हे सिगारेट आणायला खाली गेलेत तेवढ्यात दोन ओळी लिहितेय. झाडांचं विचारायला कुणी बाईमाणसाला डोंगरावर नेत नाही. झाडं खालीच आहेत. मी विणलेली लाल टोपी वेगळ्या पुडक्यात पाठवतेय, तीच घाला, आणि कपाळावर केस थोडे बाहेर राहू द्या. यांचा 'तळहात' झोपडीपर्यंतच आहे, तिथे बसून हे सगळ्यांचे डबे खायचे. आलेच. – कोलोम्ब

*

सँ-आरमेल
७ फेब्रुवारी

लुजेर,

तुझी भट्टी पेटली. पेटली ती पेटलीच.

फिलियास म्हणाला, एकदम माथा नको, आधी झोपडीपर्यंत सराव करू. काल गेलो. तू सांगितलंस तसं उसळ खाल्ली, दोनदा वाढून घेतली. ओढा ओलांडेपर्यंत सगळं शांत होतं. मग चढ लागला. प्रत्येक पावलाला, कसं सांगू, माझ्याकडून आवाज येत होता. जंगलात हिवाळ्यात काय शांतता असते तुला ठाऊक आहे. फिलियास पुढे चालत बर्फ दाबून वाट करत होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. फक्त मोठमोठ्याने गाणं म्हणायला लागला. ते इतकं बेसूर होतं की मला माझा आवाज बरा वाटला.

बर्फजोड्यांचं म्हणशील, तर आधी मी स्वतःच्याच जोड्यावर पाय देऊन आडवी होत होते. फिलियास म्हणाला, "पाय फाकवून चाला. दोन्ही बगलांत कोंबड्या धरल्यात असं समजा." समजले. जमलं!

तुझे चार स्वेटर आत घामाने भिजले आणि झोपडीत बसले तर बाहेरून गोठले. घरी आल्यावर काढून चुलीशी ठेवले, तर आपले आपणच उभे राहिले, हात पसरून. मी अंधारात दचकून किंचाळले. बाटलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. आणि टाचेवर रेलून पळत सुटले ती बसले, आणि बसले ती ओढ्यापर्यंत थांबलेच नाही. फिलियास मागून ओरडत होता, "झाड! झाड! डावीकडे झाड!" जसं काही माझ्या हातात लगाम होता.

तरी सांगू? मजा आली मला. झोपडीपाशी करडे पक्षी सरळ डोक्यावर येऊन बसतात. एकाने माझ्या हातातून पावाचा तुकडा नेला. फिलियासकडे लोकरीत गुंडाळलेली गरम कॉफी होती, त्याने आधी मला दिली.

कोलोम्बला सांग, टोपी पोचली, छान आहे. केस बाहेर ठेवले, ते गारठून काड्या झाले. ती म्हणते, विषय झाडांचा नसेल. मी त्यावर विचार केला. मग नक्की गायनमंडळाचा असेल. त्याला पहिल्या ओळीत उभं राहायचं असणार. सहा वर्षं, म्हणजे त्याची बायको गेल्यापासून, मी त्याला मागे खांबाआड उभं करतेय. पण ते तरी कसं मान्य करू? कालचं गाणं ऐकलंय मी.

माथ्यावर शनिवारी, वीस तारखेला जाणार. हवा चांगली असेल तर.

ताई

*

माँट्रियल
१३ फेब्रुवारी

ताई,

उसळीचं प्रमाण चुकलं असेल तुझं. मी दोनदा वाढून घे म्हणालो नव्हतो.

कोलोम्बचं ऐकू नकोस. ती सध्या रोज संध्याकाळी टीव्हीवर रडकी मालिका बघते, तिला सगळीकडे तेच दिसतं. विषय झाडांचाच आहे. माथ्यावर गेल्यावर माणूस भावुक होतो, तेव्हा त्याला बोलूच देऊ नकोस. त्याने तोंड उघडलं की सांगून टाक: लुजेरने आणि मी मिळून ठरवलंय, उत्तर नाही असं आहे. फारच पडलेला दिसला तर वसंतात झाडांचा रस काढायला येऊ दे, आल्फाँस येतो तसा. शेजारधर्म म्हणून. पण त्याहून पुढे नाही.

लुजेर

वन्सं, कृपा करून त्याला बोलू द्या. – को.

*

माँट्रियल
२३ फेब्रुवारी

ताई!!

शनिवारी रात्री फोन केला, उचलला नाहीस. रविवारी केला, उचलला नाहीस. सोमवारी लाइनवर बर्नादेत निघाली. ती एका दमात म्हणाली, "दोघं अंधार पडता पडता उतरली, तिची टोपी गायब, त्याचा एक बर्फजोडा खाल्लेला, आणि चर्चसमोर अख्ख्या गावादेखत तिने त्याला हो म्हणून टाकलं!" एवढं बोलून ती रडायला लागली आणि फोन ठेवला.

हो म्हणालीस? बाबांची झाडं? गावादेखत? मला न विचारता? आणि जोडा कुणी खाल्ला?

कोलोम्बला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात नाचतेय. या घरात माझ्या बाजूने कुणी नाही. मी उद्या वकिलाकडे जातोय.

लुजेर

*

सँ-आरमेल
२६ फेब्रुवारी

लुजेर,

वकिलाला घरी पाठव. आणि खुर्चीत बसून वाच.

शनिवारी निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. उसळ खाल्ली नव्हती. झोपडीच्या पुढे झाडं ठेंगणी होत जातात, त्यांच्यावर इतका बर्फ साचलेला की ती झाडं वाटतच नाहीत, पांढरी चादर घेतलेल्या म्हाताऱ्या उभ्या असल्यासारख्या वाटतात. वाट पाडायचं काम फिलियासचं, मधून मधून मी. हो, मीही पुढे चालले! मग फुरफुर ऐकू यायला लागली. मला वाटलं, फिलियास दमला. त्याला वाटलं, मी. दोघांनी एकदमच मागे पाहिलं. आम्ही दाबत आलेल्या वाटेवरून, थोडं अंतर ठेवून, एक मूस येत होता. चर्चच्या दारात मावणार नाही एवढा दांडगा हरिण. त्यालाही खोल बर्फात पाय बुडवायचे नव्हते, आयती वाट मिळाली, आला. आम्ही थांबलो की तो थांबे. चाललो की चाले. फिलियास त्याला म्हणाला, "हे बघ, आज नको, आज मला काम आहे." तो नुसता चघळत राहिला.

झाडं संपली तिथे मात्र तो थांबला, आणि आम्ही माथ्यावर पोचलो.

लुजेर, वर काही नाही. नुसता वारा आणि उजेड. खाली आपलं गाव सांडलेल्या कणीएवढं. आपली खिडकी शोधली, दिसली नाही. मला एकदम रडू आलं, का ते मला विचारू नकोस. तेवढ्यात फिलियास समोर आला. त्याच्या मिशीला बर्फाच्या लोंब्या लटकत होत्या.

"फ्लोरांज," तो ओरडला, "कुंपणापलीकडे बघता बघता माझी सहा वर्षं गेली!"

तुझं वाक्य मी पाठ केलंच होतं. मीही ओरडले, "ठाऊक आहे! उत्तर नाही असं आहे!"

"मी अजून विचारलंच नाही!"

"लुजेरने आणि मी मिळून ठरवलंय! अर्धा हक्क त्याचा आहे!"

"अर्धा? कशावर?"

"तुम्हाला जे हवंय त्याच्यावर! आणि आम्ही तुकड्यातुकड्यांनीही देणार नाही!"

तो एक पाऊल मागे सरकला. मला दया आली. शेजारधर्म आठवला.

"हवं तर वसंतात महिनाभर या!" मी म्हटलं. "आल्फाँस येतो तसे!"

"आल्फाँस?" त्याचा आवाजच फुटला. "दूधवाला आल्फाँस?"

"दरवर्षी येतो! लुजेरला माहीत आहे!"

बिचारा मटकन बर्फात बसला. मग उठला, बर्फजोड्यांचे पट्टे आवळले आणि उतरायला लागला. मी त्याच्या मागे. मला वाटलं, माणसाला झाडं किती लागतात जिवाला!

खाली वाटेवर मूस उभा. तसाच. आम्ही टाळ्या वाजवल्या, फिलियासने गाणं म्हणून पाहिलं, तरी तो हलला नाही. मी म्हटलं, बाजूने जाऊ, आणि एक पाऊल वाटेबाहेर टाकलं. तिथे बर्फाखाली अख्खं झाड गाडलेलं होतं, भोवती पोकळी. मी काखेपर्यंत आत. टोपी फांदीला अडकली ती तिथेच राहिली. फिलियास मला ओढायला वाकला आणि डोकं खाली, पाय वर, असा माझ्या शेजारी येऊन पडला. त्याचे दोन्ही बर्फजोडे आभाळाकडे. मूस जवळ आला, वास घेतला, आणि त्याचा एक जोडा चाटायला लागला. कातड्याच्या जाळीला खारट चव असणार. चाटून चाटून मऊ केली आणि मग दातांनी ओढायला लागला.

"अरे फिल्या, पाय हलवू नकोस!" मी ओरडले.

शाळा सुटल्यापासून त्याला मी फिल्या म्हटलं नव्हतं. तुम्ही, आपण, अध्यक्षसाहेब, असलंच सगळं. तो खालून, बर्फातून बोलला, "फ्लोरांज, मेलो तर मेलो, पण एक सांग. आल्फाँस काय करायला येतो गं?"

"रस काढायला. मॅपलचा."

त्याचे पाय एकदम ताठ झाले. मला वाटलं गुदमरला.

"झाडं?" तो म्हणाला. "तुला वाटलं, मी झाडं मागतोय? आणि लुजेर गोठ्यामागे तेच बोलत होता? 'खोड म्हातारं झालं म्हणून काय, अजून बादल्या भरतात, मी जिवंत आहे तोवर कुणाला हात लावू देणार नाही', ते झाडांबद्दल?"

लुजेर, तू असं बोलला होतास?

"मग कशाबद्दल असणार?" मी विचारलं.

"तुझ्याबद्दल, बाई! दोन महिने झोप नाही मला! म्हटलं, सख्खा भाऊ बहिणीबद्दल असं कसं बोलतो!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि मी हसायला लागले ते थांबेचना. हसता हसता वरची फांदी हलली आणि तिच्यावरचा सगळा बर्फ धप्पकन मूसच्या डोक्यावर पडला. तो दचकला, जोड्याची जाळी तोंडात घेऊन जंगलात पळाला. फिलियासला मी पाय धरून सुलटा केला. तो नुसताच बसून माझ्याकडे बघत होता, मिशीत काटकी अडकलेली, डोळ्यात पाणी, गोठलेलं.

"विचारू का आता?" तो म्हणाला. आणि विचारलं.

मला इतक्या वर्षांत खरंच काही समजलं नव्हतं का, असं कोलोम्ब विचारेल. तिला सांग, सत्तावन्न वर्षं कुणी विचारलं नाही की माणूस त्या बाजूला कान देणं सोडून देतं.

मी त्याला म्हटलं, आधी खाली चल, अंधार पडेल. एका पायाला बर्फजोडा आणि दुसरा पाय प्रत्येक पावलाला गुडघाभर आत, असा तो सबंध डोंगर उतरला. वर, खाली, वर, खाली. माझ्या खांद्यावर हात. चर्चपाशी सगळं मंडळ कंदील घेऊन आम्हाला शोधायला निघत होतं, फादरसुद्धा बर्फजोडे बांधून तयार. बर्नादेत सगळ्यांत पुढे. "काय झालं? काय झालं?" प्रत्येकाचं तेच. फिलियासने नुसता खाल्लेला जोडा वर करून दाखवला. मग मीच मोठ्याने सांगितलं, "याने मला वर एक विचारलंय, आणि माझं उत्तर हो आहे. आता कुणीतरी माझे पट्टे सोडा, माझी बोटं चालत नाहीत."

पट्टे बर्नादेतने सोडले. गुडघ्यावर बसून. रडत होती.

उपवासाच्या दिवसांत लग्न लागत नाही, म्हणून ईस्टरनंतर. तू हो म्हण किंवा नको म्हण, मी करणार आहे.

ताई

*

माँट्रियल
३ मार्च

ताई,

पत्र कोलोम्बला मोठ्याने वाचून दाखवत होतो. 'त्या बाजूला कान देणं' या ओळीपाशी आलो आणि पत्र तिच्याकडे दिलं. पुढचं तिने वाचलं.

काल फिलियासला फोन केला. आधी दोघंही नुसते 'हं' आणि 'बरं' म्हणत राहिलो. मग मी म्हटलं, गोठ्यामागचं मनावर घेऊ नकोस. तो म्हणाला, नाही घेतलं. मग पुन्हा हं, बरं. तेवढ्यात लाइनवरून तिसराच आवाज आला, "अरे, भाऊजी म्हण की त्यांना!" तेव्हा म्हटलं.

बाबा नाहीत, तर चर्चमध्ये हात धरून तुला मी नेणार आहे. नाही म्हणू नकोस. सूट शिवायला टाकलाय. कोलोम्ब माझी वाट न बघता आठवडाभर आधीच येणार म्हणते.

आजवर तुला नको ते खूप सांगितलं, विचारलं मात्र कधी नाही. आता विचारतो. तू सुखात आहेस ना गं? दोन शब्द लिही, जास्त नको.

लुजेर

*

सँ-आरमेल
७ मार्च

लुजेर,

आहे रे.

जास्त लिहायला सवड नाही. फिलियासने आयुष्यात पहिल्यांदा वाटाण्याचं सूप केलंय, तो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतोय, आणि मला ते चेहरा वाकडा न करता संपवायचंय.

ताई